जित्याचा टाक

१

माझ्या गॅरेजचं छप्पर गळत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकलं की प्रत्येक शहाणा पहिलं तेच विचारतो. आळेफाट्याच्या चौकातून नगरच्या अंगाला वळलं की डाव्या हाताला आपलं गॅरेज. वर नवा पत्रा आहे, मीच टाकलाय, आणि त्या आठवड्यात पाऊससुद्धा उघडलेला होता.

माझं रोजचं ठरलेलं. सकाळी आण्याहून निघायचं, घाट उतरायचा, बेल्ह्यात चहा मारायचा, फाट्यावर येऊन शटर वर करायचं आणि गिऱ्हाईक यायच्या आत हातातलं एक काम उरकायचं. त्या दिवशी एका दूधवाल्याच्या गाडीचा कार्बोरेटर खोलून बसलो होतो आणि टाळूवर पाणी पडलं. थेंबबिंब नाही राव, तांब्यानं घालावं तसं. कपाळावरून नाकावर आणि नाकावरून थेट कार्बोरेटरमध्ये.

वर बघितलं तर पत्रा कोरडा. डोकं चाचपलं तर केस चिंब. शर्टाची कॉलर मात्र कोरडीठाक. बोटांना काहीतरी पिवळं लागलं होतं, वास घेतला तर हळदीचा.

शेजारी गेणभाऊचं पंक्चरचं दुकान आहे. तो टायर ठोकता ठोकता ओरडला, "काय मच्छिंद्र, बायको म्हायेरी गेली तर आंघोळ हिथंच का?"

मी त्याला दोन शिव्या हासडल्या आणि फडक्यानं डोकं पुसलं. घाम असेल म्हटलं. हळदीचं म्हणाल तर सकाळी आईनं दूध दिलं होतं, त्यातली लागली असेल. माणसाला पाहिजे तेवढी कारणं सापडतात.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही, त्याच सुमाराला. आई घरी देव धुते ती हीच वेळ, पण हे काही तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. कशाला येईल?

२

माझी धाकटी बहीण आशा पुण्यात असते आणि ती कलाकार आहे. म्हणजे नेमकं काय, हे आमच्या घरात अजून कुणाला धड कळलेलं नाही. ती पत्रा ठोकते. तसा मीही पत्राच ठोकतो, पण माझा पत्रा कुणी प्रदर्शनात लावत नाही.

हे पाणी पडायला लागायच्या आधीची गोष्ट, एका मोटरसायकल कंपनीनं तिला गाठलं. नवीन गाडी काढायची, मोजक्याच काढायच्या, आणि पेट्रोलच्या टाकीवर आशाचं काम. आशानं त्यांना आमच्या देव्हाऱ्यातले टाक दाखवले. टाक म्हणजे विड्याच्या पानाएवढा धातूचा पत्रा, त्यावर उठावानं देव काढलेला असतो, नाहीतर घरातला गेलेला माणूस. आमच्याकडं तरणाताठा गेलेला पुरुष घोड्यावर बसवतात, त्याला वीर म्हणतात. आशा म्हणाली, घोड्याच्या जागी मोटरसायकल काढू. कंपनीवाले एकदम खूश.

वीर काढायला माणूस पाहिजे, म्हणून मला अंगणात गाडीवर बसवून तिनं फोटो घेतले. मग पितळेचा पत्रा घेऊन ठोकत बसली. माझ्या डाव्या भुवईतला वणसुद्धा सोडला नाही पोरीनं. खोटं कशाला बोलू, मी फुशारलो होतो. फाट्यावर येईल त्याला सांगत होतो, आता आपलं थोबाड देशभर फिरणार म्हणून.

मग श्रावणात कंपनीच्या श्रेया मॅडम कॅमेरेवाले घेऊन आण्याला आल्या. त्यांना पिक्चर काढायचा होता, टाक घरात बसवतात त्याचा. हे काम घरातला वडीलधारा करतो. टाकाला दूध घालायचं, भंडारा म्हणजे हळद लावायची, गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, ये, घरात बस. बास, एवढंच. त्यानंतर तो घरचा देव होतो आणि रोज त्याला पाणी आणि निवद.

माझा चुलता सोमाजी नवं पागोटं बांधून बसला होता. कॉलरला माईक, तोंडावर ही मोठी लाईट. हातात टाक घेऊन तो अडला. "नाव कुणाचं घिऊ?"

मॅडमनी आशाला विचारलं, "हा रायडर कोण आहे?"

"आमचा मच्छिंद्रदादा," आशा हसून म्हणाली.

"मग काका, तेच नाव घ्या ना. रिअल वाटेल."

काकानं माझ्याकडं बघितलं. मी दारात उभा राहून दात काढत होतो. हे सगळं खोटंखोटं आहे असं त्यालाही वाटलं असणार, नाटकात मरतात तसं. त्यानं भंडारा लावला आणि म्हणाला, "मच्छिंद्रा, ये. घरात बस."

तेवढ्यात रस्त्यावर ट्रकनं हॉर्न मारला. मॅडम म्हणाल्या, काका पुन्हा एकदा. पुन्हा म्हटलं, तर लाईट गेली. तिसऱ्यांदा मात्र काकानं इतकं जीव लावून म्हटलं की कॅमेरेवाल्याच्या अंगावर काटा आला.

माझी आई गजराबाई तोवर मागल्या दारी सगळ्यांसाठी पोळ्या लाटत होती. ती ताटं घेऊन आत आली आणि तिनं तेवढं तिसरं ऐकलं. ताटं हातातून सुटली.

"भावजी! जित्या लेकराचं नाव घेतलंत?"

काकानं हातातला टाक पटकन देव्हाऱ्यात ठेवून दिला. मॅडम हळूच कॅमेरेवाल्याला म्हणाल्या, "हे घेतलंस ना?"

३

पाण्याचं कोडं सुटलं ते अंगात कणकण होती म्हणून. फाट्यावर गेलो नाही, ओसरीवर खाटेवर पडून होतो. आत आई देव धूत होती. ताम्हनात पाणी पडल्याचा आवाज आला आणि त्याच क्षणी माझ्या टाळूवर गार पाणी पडलं.

मी उठून दारात गेलो. आईच्या हातात तो टाक, दुसऱ्या हातात तांब्या. तिनं माझ्या केसांकडं बघितलं आणि खालीच बसली.

"आई, त्याच्यावर पाणी घालू नको."

"एकाला पाणी आन एकाला कोरडं, आसं करत न्हाईत रं."

"मग तिथनं काढ त्याला!"

"बसवल्याला उठवत न्हाईत, बाळा." एवढं बोलून ती रडायलाच लागली.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात, त्याच वेळेला, डोक्यावर पाणी पडलं. ते कोमट होतं.

संध्याकाळी घरी आलो, थेट चुलीकडं गेलो. चुलीपाशी एक लहान पातेलं धुऊन पालथं घातलं होतं. मला गार लागू नये म्हणून माझी आई देवाचं पाणी तापवत होती. मी गोठ्यात जाऊन पोटभर रडलो.

मग भूक गेली. दुपारी डबा उघडावा तर पोट गच्च, तोंडात गुळाचा गोडवा. आई घरी निवद दाखवायची, ती वेळ.

आरती, माझी बायको, पहिल्या बाळंतपणाला खोडदला माहेरी गेली होती. रोज फोन करायची. "जेवलात का?"

"पोट भरलंय."

"कशानं?"

मी विषय बदलायचो. ती बिचारी हसून म्हणायची, दसऱ्याच्या आगंमागं होईल बघा, तेवढं या म्हणजे झालं. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, डॉक्टर केले, नवस केले, तेव्हा कुठं हे दिवस आले होते. मला दुसरं काही नको होतं. दवाखान्याच्या दारात उभं राहायचं, नर्स बाहेर आली की बाळ पहिलं मी हातात घ्यायचं. एवढं झालं की मग त्या टाकाचं आणि माझं काय व्हायचं ते होऊ दे.

४

मी मिस्त्री माणूस. जो पार्ट त्रास देतो तो काढायचा, हे आमचं शास्त्र. एका सकाळी आई शेरडं सोडायला गेली तेव्हा देव्हाऱ्यातून टाक उचलला, फडक्यात गुंडाळला, गाडीच्या टूलबॉक्समध्ये कोंबला आणि कुलूप लावलं. ठरवलं होतं, आता ही ब्याद माझ्याजवळ राहील, ना पाणी ना निवद.

घाट लागायच्या आत डोळ्यांपुढं अंधार झाला.

चक्कर नव्हती ती. इंजिन कानाशी चालू होतं, वारा तोंडावर येत होता, हँडल दोन्ही हातांत होतं. फक्त दिसत काही नव्हतं. ऑइलचा आणि कळकट फडक्याचा वास नाकात बसला. नाकाला पत्रा टेकला होता. मान वळवायला गेलो तर दोन्ही बाजूंना पत्रा.

कशीबशी गाडी कडेला घेतली. मागून एक टेम्पो शिव्या घालत गेला. चाचपडत किल्ली शोधली, कुलूप काढलं, झाकण उघडलं, फडकं बाजूला केलं. तसा उजेड आला आणि मला दिसलं. आधी आभाळ दिसलं. मग आभाळाच्या मधोमध वाकून बघणारं माणसाचं तोंड दिसलं, खालून बघितल्यासारखं, नाकपुड्या मोठ्या आणि डोळे फिरलेले.

ते तोंड माझं होतं.

पापणी लवली आणि मी पुन्हा रस्त्यावर उभा होतो, हातात टाक घेऊन. उन्हानं होतं असं, उपाशी पोटी होतं असं, मी स्वतःला मोठ्यानं सांगत होतो. सांगत सांगत गाडी माघारी वळवली, घरी जाऊन तो जिथल्या तिथं ठेवला आणि दोन्ही हात जोडले. माझेच हात मलाच जोडले की हो मी!

५

सोमाजीकाकाला धरलं. तो शूटिंगपासून माझ्यासमोर यायचाच टाळत होता, मेंढरांच्या वाड्यावरच झोपायचा.

"काका, काढायचा कसा ह्याला?"

"झिजला, मोडला, तर कुकडीच्या पाण्यात सोडायचा. तोंड फिरवून माघारी यायचं, मागं बगायचं न्हाई."

"सोडल्यावर काय होतं?"

"जातो त्यो."

"कुठं?"

काकानं माझा हात धरला. मग म्हणाला, "मला माफ कर रं पोरा. मला वाटलं पिक्चरमधलं हाय." म्हाताऱ्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

आशाला फोन लावला. ती ऐकून घेऊन म्हणाली, "दादा, पितळ आहे ते. मीच आणलंय दुकानातून. तुझ्या मनाचे खेळ आहेत. एवढं वाटत असेल तर पाठवून दे, मी वितळवून टाकते."

वितळवते म्हणाली आणि माझ्या जिभेला चटका बसला. मी ओरडलो, "नको नको नको!"

तेव्हा मला बरं वाटावं म्हणून ती म्हणाली, "अरे, तू स्टार झालास. त्यावरून साचा आधीच काढला होता, सगळ्या गाड्यांच्या टाक्यांवर तेच उठवलंय. सगळ्या गाड्या बुक आहेत. डिलिव्हरी एकाच दिवशी ठेवलीय, दसऱ्याला."

दसऱ्याला नवी गाडी घरी येते तेव्हा लोक काय करतात ते मला सांगायला नको. गॅरेजवाला आहे मी. पाणी घालतात, हळदकुंकू लावतात, हार घालतात, ओवाळून घरात घेतात. इथं माझ्या एकट्या आईच्या एका तांब्यानं माझी ही गत झाली होती.

"आशे, थांबव ते."

"दादा, माझ्या हातात आहे का आता?"

६

दसऱ्याच्या आदल्या दिवशीच खोडदला जाऊन राहायचं ठरवलं होतं. पण आदल्या दिवशी गॅरेजात गाड्या धुवायला ही रांग, आणि गिऱ्हाईकाला नाही म्हणायचा माझा स्वभाव नाही. सकाळी निघतो म्हटलं. निघेनिघेपर्यंत ऊन वर आलं, तेवढ्यात आरतीच्या भावाचा फोन आला, पहाटेपासनं कळा येतायत, नारायणगावला दवाखान्यात नेतोय.

गाडीला किक मारली आणि निघालो. आई दारात उभी होती, तिनं हात वर केला.

घाट उतरेपर्यंत सगळं ठीक होतं. बेल्ह्याच्या अलीकडं पहिलं पाणी पडलं. मग दुसरं, मग एकदम चहूकडून. गार पाणी, कोमट पाणी, नळाचं, बाटलीतलं. कपाळावर कुंकवाचं बोट टेकलं, त्यावर दुसरं, त्यावर तिसरं. गळ्यात काहीतरी जड पडलं, झेंडूचा वास आला. बघतो तर गळ्यात काही नाही, मान मात्र वाकत चालली. छातीवर हात फिरत होते. बायकांचे, पुरुषांचे, बांगड्यांचे, अंगठ्यांचे, एवढे हात की माझे मला वेगळे कळेनात. कुठल्या कुठल्या भाषा! एकही ओळखीची नाही, पण सगळे म्हणत होते काय ते कळत होतं. ये. घरात ये. बस.

मी रस्त्याला डोळे लावून चालवत राहिलो. नारायणगाव, एवढंच मनात. फाट्याचा चौक आला, गॅरेजसमोर आलो, आणि हातापायांनी ऐकायचं सोडलं. गेणभाऊच्या टायरांच्या ढिगाला टेकून गाडी बंद पडली.

गेणभाऊ दुकानाला तोरण बांधत होता. "काय रं, उतर की खाली."

उतरायचंय मला, असं म्हणायचं होतं. दोन्ही हात हँडलवर, दोन्ही पाय फूटरेस्टवर, पाठ ताठ. जसा फोटोला बसलो होतो तसाच.

"मच्छिंद्र? अरे बोल की! डोळं का आसं करतोस?"

खिशात फोन वाजायला लागला. वाजला, थांबला, पुन्हा वाजला. शेवटी गेणभाऊनंच खिशात हात घालून काढला. कापराचा धूर माझ्या डोळ्यांत जात होता, चौक पुसट होत होता, आणि चौकाच्या जागी आमच्या देव्हाऱ्याचं काळं लाकूड दिसत होतं, जवळ, अगदी जवळ.

लांबून, विहिरीच्या काठावरून हाक मारावी तसा गेणभाऊचा आवाज आला. "आरं, पोरगी झाली म्हणत्यात! मच्छिंद्र, ऐकतोस का? पोरगी झाली तुला!"

७

इथून फार काही दिसत नाही. समोर स्वयंपाकघराची भिंत, उजव्या हाताला दाराची चौकट, तिच्यातून ओसरीचा तुकडा. त्या तुकड्यात खाट आहे आणि खाटेवर पाठमोरा एक माणूस बसलेला असतो. शर्ट माझा आहे.

बोलणं सगळं ऐकू येतं. डॉक्टर म्हणतो, रिपोर्ट चांगले आहेत, कसलातरी धक्का बसलाय. आशा येऊन खूप रडून गेली, त्याच्या पायाशी बसून. काका त्याला आंघोळ घालतो. भरवलं की खातो, बसवलं तिथं बसतो, बोलत नाही. गावातली माणसं येतात, त्याच्याशी बोलतात आणि जातात. तो कुणाकडं तोंड करतोय का, हे मी रोज बघत असतो. अजून त्यानं मान वळवलेली नाही. वळवू नये, असं मला वाटतं, कारण मी इथं आहे, मग त्याच्यात कोण बसलंय?

आई त्याच्या ताटात जेवण वाढते, पण त्याच्याजवळ बसत नाही. बसते ती माझ्यापुढं. पाणी अजून कोमटच असतं.

काल आरती आली. माहेरची माणसं सोडून गेली. बारशाला आला नाहीत म्हणून ती त्याच्यावर रागावली, मग त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसली. मग डोळे पुसून म्हणाली, "आत्या, हिला देवाच्या पाया घालू."

आईनं पोरीला दोन्ही हातांवर घेतलं आणि माझ्यासमोर आणलं.

काय सांगू! एवढं मोठं तोंड, सगळा उजेड अडवून बसलेलं. ओठाला दुधाचा थेंब. कपाळावर जावळ, आणि आमच्या घरचे डोळे. माझ्या सगळ्या अंगानं मी तिच्याकडं बघितलं. ती हसली. इतक्या लहान पोरांना हसू कळत नाही म्हणतात, पण ती माझ्याकडं बघून हसली, मी शपथेवर सांगतो. आईनं भंडाऱ्याचं बोट मला लावलं, तेच तिच्या कपाळाला लावलं, आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "ह्यो तुझा बाप."

"काय म्हणालात, आत्या?"

"काय न्हाई. देव दावला तिला."

आरतीनं पोरीला घेतलं आणि बाहेर गेली. "अहो, निदान एकदा तरी बघा हिच्याकडं. बरं, मी पाणी पिऊन येते," असं म्हणत तिनं तिला खाटेवर त्याच्या शेजारी ठेवलेलं मला दिसलं. आईला ते दिसलं नाही. ती उठली, डोळे पुसले आणि रोजच्यासारखं देव्हाऱ्याचं दार लावून घेतलं.

अंधारात पोरगी रडायला लागल्याचं ऐकू आलं. एकटी पडली म्हणून रडत होती. मी ओरडलो. मी कितीही ओरडलो तरी इथं काही वाजत नाही.

मग खाट करकरली.

"आत्या!" आरती हर्षानं ओरडली, "अहो लवकर या, बघा की! हे उठले! ह्यांनी घेतली तिला!"

आई हलली नाही. दाराच्या पलीकडं तिच्या बांगड्या लाकडाला लागून किणकिणत होत्या.

पोरगी रडायची थांबली.